मज्जारज्जू जोडणारा चिनी काढा: आशा ठेवा, पण आधी हिशेब मागा



मे महिन्यात आंबे उतरवताना झाडावरून पडलेला एक तरुण नोव्हेंबरात माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) कमरेखाली संवेदना नाही, हालचाल नाही. माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम. भावाने पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. आत तपकिरी पूड होती.

"डॉक्टर, हे चीनचं औषध आहे. मज्जारज्जू जोडतं. सहा महिने चालू आहे. फरक पडलाय, रात्री पाय आपोआप हलतात."

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आंब्याचं कलम जुळतं, मग ही शीर का नाही जुळायची?"

औषध देणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की औषध लागू पडेपर्यंत फिजिओथेरपी थांबवा, शरीराला ताण देऊ नका. त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. हवेच्या गादीचे पैसे पुडीत गेले. सहा महिने मुलगा साध्या गादीवर एका जागी पडून राहिला आणि पूड घेत राहिला.

अशा पुड्या, कॅप्सूल आणि काढ्यांबद्दल तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. उत्तर गुळमुळीत देणार नाही. कोणत्याही चिनी वनौषधीने माणसाचा इजा झालेला मज्जारज्जू पुन्हा जोडला गेला, असा विश्वासार्ह पुरावा आजवर नाही. आणि "घेऊन बघायला काय हरकत आहे?" या प्रश्नाचं उत्तर "हरकत आहे" असं आहे. का, ते सविस्तर सांगतो.

मज्जारज्जूला नेमकं काय होतं?

मणका म्हणजे हाड, आणि त्याच्या आतल्या पोकळीतून जाणारा, साधारण 45 सेंटिमीटर लांबीचा मऊ दोर म्हणजे मज्जारज्जू. मणक्याचं हाड जुळतं. ऑपरेशन करून स्क्रू-पट्टी लावली की मणका स्थिर होतो. "ऑपरेशन यशस्वी झालं" असं सर्जन म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा हाडाबद्दल बोलत असतो. घरचे समजतात की आता पाय चालतील. गैरसमजाला इथूनच सुरुवात होते.

मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे लांब तंतू एकदा तुटले की सहसा परत वाढत नाहीत. इजेच्या जागी व्रण तयार होतो. तंतूंवरच्या आवरणातले काही घटकही वाढ रोखतात. शिवाय पहिल्या आघातानंतर काही तास ते काही दिवस सूज, रक्तपुरवठ्याची कमतरता आणि दाह यामुळे आणखी पेशी मरतात.

कलमाचं उदाहरण म्हणून इथे लागू पडत नाही. कलमात दोन्ही बाजूंच्या पेशी वाढतात आणि सांधा भरून येतो, एवढं पुरतं. इथे मात्र तुटलेल्या प्रत्येक तंतूला व्रण ओलांडून कित्येक सेंटिमीटर वाढायचं असतं, आणि पलीकडे आपली नेमकी पेशी शोधून तिच्याशी जोडून घ्यायचं असतं.

हा काढा आला कुठून?

मज्जारज्जूच्या संदर्भात ज्या चिनी काढ्याचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं तो "बुयांग हुआनवू थांग". वांग छिंगरेन या वैद्याने तो 1830 साली आपल्या ग्रंथात दिला. त्यात सात द्रव्यं आहेत. सर्वांत मोठी मात्रा ह्वांगची या मुळाची. बाकी दांगग्वीची मुळं, तांबडा पिओनी, छुआनश्युंग, पीच फळाच्या बियांचा गर, गांडूळ आणि करडईची फुलं. होय, आपल्या सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी पिकते तीच करडई.

वांग यांनी हा काढा मुख्यतः अर्धांगवायूसाठी सांगितला होता, म्हणजे आपण ज्याला स्ट्रोक म्हणतो त्यासाठी. शरीरातली "ची" म्हणजे प्राणशक्ती कमी झाली की रक्त साकळतं, असं त्यामागचं तत्त्व. झाडावरून पडून मणका चिरडणं ही वेगळी गोष्ट. "दोन्हीत अंग लुळं पडतं" एवढ्या साम्यावर हा काढा पुढे मज्जारज्जूच्या इजेतही वापरला जाऊ लागला.

वांग यांच्याबद्दल मला मात्र आदर आहे. 1797 मध्ये लुआनजोऊ इथे साथीत मेलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेतं त्यांनी स्वतः जाऊन पाहिली, कारण जुन्या ग्रंथांतली अवयवांची वर्णनं त्यांना पटत नव्हती. त्यांच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थच "वैद्यकातल्या चुकांची दुरुस्ती" असा आहे. त्यांच्या काही दुरुस्त्याही पुढे चुकीच्या ठरल्या. पण "जुनं आहे म्हणून खरं आहे" हे न मानणारा तो माणूस होता. आज त्याच्याच काढ्याची जाहिरात "शेकडो वर्षं जुनं आहे, म्हणजे खरंच असणार" अशी होते, हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

उंदीर चालला, मग माणूस का नाही?

विकणारे तुम्हाला शोधनिबंध दाखवतात. ते खोटे असतात असं नाही. हा काढा, जिनसेंगमधले घटक, छुआनश्युंगमधलं लिगुस्ट्राझिन, आपल्या हळदीतलं करक्युमिन, या सगळ्यांवर उंदरांमध्ये काम झालं आहे आणि अनेक निबंधांत उंदीर सुधारलेले दिसतात. पण पुढच्या चार गोष्टी लक्षात घ्या.

एक, प्रयोगातल्या उंदराला ठरावीक वजन पाडून मोजकी इजा केली जाते. अशा इजेत बऱ्याचदा काही तंतू शाबूत राहतात आणि औषध न दिलेला उंदीरही काही प्रमाणात चालू लागतो. उंदराची चाल 0 ते 21 गुणांच्या मापावर मोजतात. औषधाने दोन-तीन गुण वाढले तरी निबंध छापला जातो.

दोन, उंदराला औषध बहुधा इजेनंतर लगेच किंवा काही तासांत मिळतं. तुमच्या माणसाला ते कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी मिळतं.

तीन, उंदराचं चालणं मेंदूच्या वरच्या भागातून येणाऱ्या तंतूंवर आपल्याइतकं अवलंबून नसतं. त्याच्या मज्जारज्जूतली स्थानिक यंत्रणाच बरंच काम करते.

चार, न जमलेले प्रयोग सहसा छापले जात नाहीत. 1998 मध्ये काही संशोधकांनी देशवार ट्रायल तपासल्या. त्यांनी तपासलेली चीनमधली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक ट्रायल अनुकूल निघाली होती. जिथे एकही विद्यार्थी नापास होत नाही, त्या शाळेच्या गुणपत्रिकेवर तुम्ही किती विश्वास ठेवाल?

"आमच्या माणसात फरक पडला"

हा सर्वांत अवघड मुद्दा, कारण इथे कोणी खोटं बोलत नसतं.

मज्जारज्जूच्या इजेचे ए ते ई असे गट करतात. "ए" म्हणजे पूर्ण इजा, अगदी गुदद्वारापाशीही संवेदना किंवा हालचाल नाही. "बी" म्हणजे फक्त संवेदना आहे. "सी" म्हणजे थोडी हालचाल आहे, पण उपयोगाची नाही. "डी" म्हणजे उपयोगी पडेल अशी हालचाल. "ई" म्हणजे सर्व काही ठीक.

आता हे नीट वाचा. सुरुवातीला "सी" गटात असलेल्या 10 जणांपैकी 6 ते 8 जण पुढे "डी" गटात पोहोचतात. "ए" गटातलेही 10 पैकी एक-दोन जण एखादा गट वर सरकतात. यासाठी कोणतीही पूड लागत नाही. यातली बरीचशी सुधारणा पहिल्या 3 महिन्यांत होते आणि पुढे वर्ष-दीड वर्ष हळूहळू चालू राहते.

पूड नेमकी याच काळात सुरू होते. सुधारणा झाली की श्रेय पुडीला मिळतं. नाही झाली तर "उशीर केलात", "पथ्य पाळलं नाहीत", "आणखी सहा महिने घ्या" असं ऐकायला मिळतं. काहीही झालं तरी पूड हरत नाही. म्हणूनच तुलनेचा गट लागतो. सारख्याच इजेचे रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन भाग केलेले, एका भागाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, आणि कुणाला काय दिलं हे तपासणाऱ्यालाही माहीत नाही. याशिवाय निसर्गाचं काम कोणतं आणि औषधाचं कोणतं हे कळायला दुसरा मार्ग नाही.

आणि ते रात्री आपोआप हलणारे पाय? त्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, पण त्याच्यावरचा मेंदूचा लगाम सुटलेला असतो. म्हणून पाय झटके देतात, ताठ होतात. ही इच्छेने केलेली हालचाल नव्हे. "अंगठा हलव" म्हटल्यावर अंगठा हलला, तर ती सुधारणा. त्या तरुणाचा अंगठा हलला नाही.

चीनमध्येच बघा

28 जुलै 1976 रोजी चीनमधल्या तांगशान शहरात भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार 2 लाख 42 हजार माणसं गेली. सुमारे 3,800 जणांचा मज्जारज्जू दुखावून ते कायमचे अपंग झाले. वांग छिंगरेन यांचं मूळ गाव युतियान आज याच तांगशानच्या हद्दीत येतं, आणि त्यांनी प्रेतं पाहिली ते लुआनजोऊही. म्हणजे या काढ्याच्या माहेरात, हा काढा माहीत असणाऱ्या वैद्यांच्या देशात, एका रात्रीत हजारो रुग्ण झाले. हे लोक काढ्याने उठून चालू लागले नाहीत. त्यांच्यासाठी खास रुग्णालय बांधावं लागलं, आणि पुढची कित्येक दशकं अनेकांनी व्हीलचेअरवरच काढली.

दुसरं उदाहरण देंग पुफांग यांचं. 1968 मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या छळात ते पेकिंग विद्यापीठातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यांचे वडील देंग शियाओपिंग पुढे चीनचे सर्वोच्च नेते बनले. 1980 मध्ये देंग पुफांग यांना ऑपरेशनसाठी कॅनडातल्या ओटावाला नेलं. ते व्हीलचेअरवरच राहिले, आणि 1988 मध्ये चीनच्या अपंगांचा महासंघ त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला.

विचार करा. त्या देशातला कोणता वैद्य, कोणतं दुर्मीळ मूळ त्यांच्यासाठी हजर झालं नसतं? जे औषध देंग शियाओपिंगच्या मुलाला मिळालं नाही, ते तुम्हाला कुरिअरने घरपोच कसं मिळतं?

"तुमच्याकडे तरी काय आहे?"

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मज्जारज्जू जोडणारं औषध आमच्याकडेही नाही. पण आम्ही आमच्या औषधांचं काय केलं ते पाहा.

1990 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये इजेनंतर 8 तासांच्या आत मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा डोस दिल्यास थोडा फायदा होतो असं दिसलं. जगभर ते सुरू झालं. मी शिकत होतो तेव्हा अशा प्रत्येक रुग्णाला ते दिलं जायचं. पुढे आकडे पुन्हा तपासले गेले. फायदा डळमळीत, आणि जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव हे धोके खरे निघाले. 2013 मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन्सच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नका असं सांगितलं. यावर अजून वाद आहेत, पण ते उघडपणे, आकडे समोर ठेवून होतात.

जीएम-वन गँग्लिओसाइड या औषधाची गोष्टही तीच. 1991 मध्ये 37 रुग्णांच्या छोट्या ट्रायलमध्ये उत्तम निकाल आले. 2001 मध्ये 750 हून अधिक रुग्णांच्या ट्रायलचा निकाल आला, तेव्हा मुख्य निकषावर फरक उरला नाही.

चिनी औषधांनाही हीच कसोटी लावता येते, आणि काहींनी ती दिलीही. चिनी औषधावर आधारलेल्या न्यूरोएड या कॅप्सूलची स्ट्रोकच्या सुमारे 1,100 रुग्णांवर प्लासिबोशी तुलना झाली. 2013 मध्ये निकाल आला: 3 महिन्यांनंतर मुख्य निकषावर फरक नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी तिचा अभ्यास मलेशियात सुमारे 30 रुग्णांवर आखला गेला, पण त्यात तुलनेचा गटच नव्हता. अशा अभ्यासातून औषध सोसतं का ते कळू शकतं, त्याने मज्जारज्जू दुरुस्त होतो का ते नाही.

"तुम्हाला वनौषधींचा तिटकारा आहे" असं मला कुणी म्हणू नये. तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळीवरून मलेरियाचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ग्रंथात लिहिलंय म्हणून ते औषध ठरलं नाही. त्यांनी अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला आणि मग रुग्णांवर सिद्ध केला. मज्जारज्जूवर असं काही निघालं तर या ब्लॉगवर पहिला लेख मीच लिहीन.

"वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?"

मज्जारज्जूच्या रुग्णाला इतरांपेक्षा जास्त अपाय होऊ शकतो.

मूत्राशयाचा ताबा गेल्यामुळे या रुग्णाच्या किडन्या आधीच धोक्यात असतात. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळाऐवजी मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं मूळ आलं. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या बिघडल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नावातला छोटासा फरक एवढा महाग पडला. तुमच्या डब्यावर तर नावच नसतं.

पायातल्या शिरांत गाठी होऊ नयेत म्हणून अनेकांना रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. दानशेन आणि दांगग्वी वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतात. मग रक्तस्राव होतो.

आणि कुचला. काजऱ्याच्या या बिया चिनी वैद्यकात लुळेपणावर वापरल्या जातात, आपल्याकडेही शुद्ध करून वापरतात. त्यातलं स्ट्रिक्निन मज्जारज्जूतला स्नायूंना आवरणारा संदेश अडवतं. त्यामुळे झटके वाढतात. घरच्यांना वाटतं पाय जागे झाले. खरं तर ते विषाचं लक्षण असू शकतं.

मग करायचं काय?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक जण काही महिन्यांत शय्याव्रण आणि लघवीच्या संसर्गाने मरत. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवणं, मूत्राशयाची काटेकोर काळजी, व्यायाम आणि खेळ सुरू केले. माणसं जगू लागली, नोकऱ्या करू लागली. या आजारातली सर्वांत मोठी क्रांती औषधाने झाली नाही. ती शुश्रूषेने झाली. ती तुमच्या घरात होऊ शकते:

- अपघातस्थळी मान-पाठ न वाकवता, फळीवर सरळ उचला. मज्जारज्जूवर दाब असेल तर ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, जमल्यास 24 तासांत.
- अंथरुणात दर 2 तासांनी कूस बदला. रोज आरशाने पाठ, नितंब आणि टाचा तपासा. लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार देऊ नका.
- स्वच्छ कॅथेटरने ठरावीक वेळाने लघवी काढायला शिका. 1972 पासून सांगितल्या गेलेल्या या साध्या पद्धतीने असंख्य किडन्या वाचवल्या आहेत.
- छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम आला, बीपी वाढलं तर रुग्णाला बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर तुंबलाय का पाहा आणि लगेच दवाखाना गाठा.
- फिजिओथेरपी एक दिवसही बंद करू नका. पुनर्वसन केंद्र गाठा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था 1955 पासून आहे. जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला केंद्र आहे.

कुणी "मज्जारज्जू जोडतो" म्हणालं तर त्याला चार प्रश्न विचारा. यात काय काय आहे ते लिहून द्याल का? तुलनेचा गट असलेली माणसांवरची ट्रायल कुठे आहे? औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतरचा गट बाहेरच्या डॉक्टरने तपासला होता का? आणि किती महिन्यांत काय दिसलं नाही तर तुम्ही स्वतः बंद करा म्हणाल? चारही उत्तरं समाधानकारक मिळाली तर मला जरूर कळवा.

त्या तरुणाची जखम भरायला ऑपरेशन आणि चार महिने लागले. आता तो स्वतः कॅथेटर घालतो, व्हीलचेअरवरून पलंगावर स्वतः जातो. मागच्या वेळी वडिलांनी पुन्हा विचारलं, "चालेल का तो?" मी म्हटलं, "बहुधा नाही. पण यंदा कलमं बांधायला बसेल." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाकडे बघून म्हणाले, "मेजाची उंची किती लागंल रे तुला?"

काळजी घ्या. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर आज रात्री दर दोन तासांचा गजर लावून झोपा.